माय-बापाला विद्यापीठ कधी दाखवणार?

चुडाव्याला एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. वंदना झाली, भोजन झाले आणि निघता निघता एका माउलीने मला बाजूला घेतले. वाटले, जमिनीचा नाहीतर पोटगीचा काही मामला असेल. वकिलाला गावात लोक बाजूला घेतात ते त्यासाठीच. पण माउली म्हणाली, "वकीलसाहेब, माझी लेक दोन वर्षं झालं औरंगाबादच्या विद्यापीठात हाय. मी दोनदा गेले तिला भेटाया. दोन्ही बारीला तिनं मला स्टँडावरच भेटून वापस लावून दिलं. म्हणती, इथं बघण्यासारखं काही नाही, अन् कुठंबी जावं तर पैसे लागतात. खरंच पैसे लागतात का हो विद्यापीठ बघायला?"

मी म्हणालो, "नाही मावशी, एक रुपयाही लागत नाही."

"मग?" एवढेच ती म्हणाली आणि पदराने हात पुसत आत गेली.

बांधवांनो, या "मग?"चे उत्तर माझ्याकडे नव्हते. चुडाव्याहून पूर्णा, पूर्णेहून परभणी, जालना आणि पुढे औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. एवढा प्रवास करून, दोन दिवसांची मजुरी बुडवून आई जाते आणि स्टँडवरच्या बाकड्यावर लेकीला भाकरी देऊन परत येते. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आमच्या मागच्या पिढीने डोकी फोडून घेतली, त्याच्या दारापर्यंत तीच पिढी पोहोचू नये, हा प्रकार कुठल्या एका मुलीच्या स्वभावाचा नाही. तो आपल्या घराघरातला आहे. माझ्याही घरातला होता.

मी शिकायला होतो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहाचे नाव इथे लिहीत नाही. बा मला भेटायला आले होते. अंगात मळकट सदरा, खांद्यावर उपरणे, हातात पिशवी. पहारेकऱ्याने त्यांना फाटकाबाहेरच बसवले. दोन तास ते उन्हात बसले होते. मी खाली आलो तेव्हा बरोबर दोन मित्र होते. त्यांनी विचारले, कोण रे? मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." खोटे नव्हते ते, पण "माझे वडील आहेत" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बांनी ते ऐकले. काही बोलले नाहीत. पिशवीतल्या शेंगा दिल्या, खर्चाचे पैसे दिले आणि रात्र स्टेशनवर काढून सकाळच्या पॅसेंजरने गेले. पुढे सनद मिळाल्यावर मी त्यांना कोर्ट दाखवायला नेले. ते म्हणाले, कोर्ट पाहिलंय मी, तू राहत होतास ती खोली दाखव. आम्ही गेलो. पहारेकरी दुसरा होता, पण नियम तोच. मग रस्त्यावर उभे राहून मी बोट दाखवले, वरच्या मजल्यावरची तिसरी खिडकी. बांनी ती दोनदा मोजून पाहिली.

म्हणून त्या मुलीला मी दोष देणार नाही. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, मला लाज वाटत नाही हो. पण खोलीत आम्ही तिघी. बाहेरच्या माणसाला मुक्काम चालत नाही. आईला कुठे बसवू? कुठे झोपवू? कँटीनला नेलं तर दोघींचा खर्च. वेरूळला न्यायचं तर गाडीभाडं आणि तिकीट. म्हणून म्हणते, स्टँडवरच बरं." आता यात तिचे काय चुकले? आपण पोरीला विद्यापीठात धाडले, पण आई आली तर तिला काय दाखवायचे, हे कोणी सांगितलेच नाही. ना चळवळीने, ना विद्यापीठाने.

विद्यापीठाचे आधी पाहू. विद्यापीठाला आई-बाप लागत नाहीत असे नाही. कागदावर फार लागतात. शिष्यवृत्तीसाठी बापाचे उत्पन्न लागते. जात पडताळणीसाठी बापाचा, आजाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. ज्या आजाला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही त्याचा उतारा कुठून आणायचा, हा प्रश्न मी समितीपुढे किती वेळा मांडला असेल त्याची गणती नाही. २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांप्रमाणे पालकाचे हमीपत्र लागते, त्यावर आईची सही नाहीतर अंगठा. म्हणजे मुलाने काही गैर केले तर जबाबदारी घ्यायला आई-बाप हवेत, पण तो मुलगा कुठल्या बाकावर बसतो हे पाहायला त्यांना या म्हणणारे कोणी नाही. अंगठा आत जातो, माणूस फाटकाबाहेर राहतो.

आणि आपल्या आयांना बोलावणे येते ते कधी? हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला १७ जानेवारी २०१६ ला. त्यानंतर राधिकाताई वेमुला हे नाव देशाला कळले. मुंबईत डॉ. पायल तडवी गेली २०१९ मध्ये, तेव्हा आबेदाताई तडवी हे नाव कळले. या दोन माता मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, उच्च शिक्षणातला जातिभेद थांबवा म्हणून. आणि आपल्या परभणीचे काय? डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. त्याची माय, विजयाबाई, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत लढली आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवला. या तिन्ही माउलींना माझा जयभीम. पण मनात येते, लेकरे हयात असताना त्यांच्या शिक्षणाच्या जागी या आयांना कोणी आदराने बोलावले असते, मास्तरांनी त्यांच्याशी दोन शब्द बोलून ठेवले असते, तर निदान कोणाला तरी माहीत असते की या पोराच्या मागे एक घर आहे. ज्या मुलाचे घर मास्तरांनी पाहिलेले असते, त्याला सहजासहजी एकटे पाडता येत नाही. मी हे वकील म्हणून सांगतो. खटल्यात साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार ऐनवेळी तयार होत नाही.

परदेशात विद्यापीठे कुटुंबांना मुद्दाम बोलावतात. अमेरिकेत 'फॅमिली वीकएंड' नावाची प्रथा आहे. इलिनॉय विद्यापीठात १९२० पासून वडिलांसाठी खास दिवस पाळू लागले. आई-बाप येतात, वर्गात बसतात, ग्रंथालय पाहतात, मैदानावर सामना पाहतात आणि यातले बरेच काही फुकट असते. त्यांची श्रीमंती आपल्याकडे नाही हे मान्य. पण आपल्या परभणीतच काय चालते ते पाहा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झाले. दरवर्षी १८ मे ला तिथे खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा. गावोगावचे शेतकरी येतात, प्रदर्शन पाहतात, बियाणे घेतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. त्या दिवशी कोणाचा सदरा मळका म्हणून कोणी फाटकावर अडवत नाही. चुडाव्याचा सातबारावाला जातो आणि मानाने जातो. त्याच्या शेतात मजुरी करणारा आमचा माणूस मात्र जात नाही, कारण सातबारा नाही म्हणजे शेतकरी नाही. त्याचा पोरगा त्याच विद्यापीठात शिकत असला तरी पालक म्हणून त्याला आमंत्रण नाही. शेतकऱ्यांसाठी जे दरसाल दोनदा जमते ते पालकांसाठी एकदा का जमू नये?

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे एक दिवस आहेच, आणि तो कुठल्या कुलगुरूने दिलेला नाही. १४ जानेवारी, नामविस्तार दिन. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातली खेडी पेटवली गेली. घरे जळाली, माणसे मारली गेली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे गेले. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळे निघाले आणि नांदेड-परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. म्हणजे ज्या नांदेड-परभणीच्या खेड्यांनी नामांतराचा सर्वाधिक मार खाल्ला, त्या खेड्यातले पोर जवळच्या कॉलेजात शिकले तर त्याच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येत नाही. चुडाव्याची ही लेक औरंगाबादला गेली ती याच हट्टाने, असे तिने मला सांगितले. आईला मात्र हे सांगायचे राहून गेले.

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. खेड्यापाड्यांतून ट्रक, टेम्पो, रेल्वे भरून लोक येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीते चालतात, ठिकठिकाणी अन्नदान असते. माणसे गेटला हात लावून डोळे पुसतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक माणसे गेटवरूनच परततात. सातशे एकरांहून मोठा परिसर मागे पसरलेला आहे, आणि आपली माणसे कमानीसमोर फोटो काढून गाडीला जातात. आपण दारासाठी लढलो, दार आपले झाले, आणि आपण दारातच थांबलो. हे बोलायला कडू आहे, पण बोललेच पाहिजे.

मग आईला काय दाखवायचे? सुरुवात गेटपासूनच करावी, पण उभे राहून नव्हे, सांगत सांगत. आत बाबासाहेबांचा पुतळा आहे, तिथे वंदन करावे. पुढे ग्रंथालय. आईला वाचता येत नाही म्हणून ग्रंथालय टाळू नका. उलट आधी तिथेच न्या. ग्रंथपालांना आदल्या दिवशी भेटून विनंती केली तर पाच मिनिटे आत नेऊ देतील अशी माझी खात्री आहे. न दिले तर लेखी अर्ज द्या. एवढी पुस्तके एका ठिकाणी तिने आयुष्यात पाहिलेली नसतात, आणि त्यातले एक तिच्या लेकीच्या नावावर घरी न्यायला मिळते हे तिने डोळ्यांनी पाहू द्या. इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या वेळा आधी विचारून ठेवा. मग आपला विभाग, आपला वर्ग, आपला बाक. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपले सर किंवा मॅडम. "ही माझी आई" म्हणून समोर उभी करा. आई बोलणार नाही, हात जोडेल आणि गप्प राहील. राहू द्या. बोलायचे काम त्या सरांचे आहे.

तिथून नागसेनवन दूर नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. आईला मिलिंद राजाची गोष्ट सांगा. राजा मोठा, पण भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारत बसला आणि नागसेनाने त्याला न भिता उत्तरे दिली. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव राजाचे दिले आणि त्या परिसराला भिक्खूचे. गावच्या पाटलापुढे मान वर न करता आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट फार लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. पदवीधरांना समजावायला वेळ लागतो.

आणि विद्यापीठाच्या मागे डोंगरात बुद्धलेणी. तिथे मात्र पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, माणशी पंचवीसेक रुपये, पंधरा वर्षांपर्यंतच्या लेकरांना नाही. तेवढे पैसे नसतील तर पायथ्याच्या विहारात वंदना करून डोंगर खालूनच पाहता येतो. पण जमले तर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आईला जरूर न्या. आत बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून, हात जोडून बसलेली माणसे कोरली आहेत, बाया आणि पुरुष, जवळजवळ खऱ्या माणसांएवढी. ते राजे-देव नाहीत, उपासक आहेत. केशरचना, दागिने, चेहरे सगळे वेगवेगळे. दीड हजार वर्षांपूर्वीची कुटुंबेच म्हणा ना, भेटीला आलेली. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना आग, चोर, हत्ती, साप अशा आठ संकटांत सापडलेली माणसे. आमच्या बाया हे न सांगता ओळखतात.

प्रवासाचेही बोलतो, कारण हिशेब तिथेच अडतो. एस.टी.ला मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे. ७५ वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. आधार कार्ड सोबत ठेवावे. चुडाव्याहून रेल्वेने जायचे तर पूर्णेला गाडी बदलून जनरलच्या डब्यातून जाणे सगळ्यात स्वस्त पडते, हे चुडाव्याच्या लोकांना मी काय सांगावे? नांदेडच्या विद्यापीठात लेकरू असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तिथे विष्णुपुरीला गोदावरीचे धरणही पाहून होते.

हे एकतर्फी मात्र नको. लेकराने दाखवायचे आणि आई-बापाने पाहायचे, एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा त्यांना अडाणी ठरवले. १९७८ ज्यांनी पाहिले ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. कोणी लाँग मार्चला चालले आहे, कोणाचे घर जळले आहे, कोणी तुरुंगात बसून आले आहे. ती माणसे वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तासभर बोलली तर वीस पोरांना जो इतिहास मिळेल तो कुठल्या प्रश्नपत्रिकेत नाही. पोरांनी मोबाईलवर ते बोलणे टिपून ठेवावे. दहा वर्षांनी टिपायला कोणी राहणार नाही.

विद्यापीठांकडे माझी मागणी फार मोठी नाही. वर्षातून दोन रविवार पालकांसाठी ठेवा. त्या दिवशी ग्रंथालयाचे वाचन दालन आणि संग्रहालय उघडे ठेवा. पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय गेटजवळ असू द्या. आईला एक रात्र टेकायला मुलींच्या वसतिगृहाचा सामायिक कक्ष द्या, नोंदवहीत नाव लिहून, ओळखपत्र पाहून. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे वाट दाखवतील, त्यांना तेवढे तास भरायचेच असतात. सुरक्षेचे कारण सांगितले जाईल, दरवेळी सांगितले जाते. पण मंत्र्यांचा ताफा येतो तेव्हा शेकडो अनोळखी माणसे आत येतात, तेव्हा सुरक्षा कुठे जाते? आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनी समान संधी कक्षाची जबाबदारी संस्थांवर टाकली. या कक्षांना वर्षभर काय काम असते, हे माहिती अधिकारात विचारायला हरकत नाही. मी अर्ज तयार केला आहे, ज्यांना नमुना हवा त्यांनी न्यावा.

विद्यापीठ ऐकेल तेव्हा ऐकेल. येत्या १४ जानेवारीला चुडाव्याहून आम्ही पाच-सात घरे मिळून निघतो आहोत. ती माउलीही येते आहे. लेकीने विभागातल्या मॅडमना विचारून ठेवले आहे. त्या दिवशी विभाग बंद असेल, म्हणून आम्ही एक दिवस आधी पोहोचतो आहोत. मुक्कामाची सोय एका विहारात झाली आहे. पांघरूण आपापले आणावे लागेल, थंडी असते. परवा माउलीचा निरोप आला, भाकरी किती बांधू, आणि आत बसून खाऊ देतात का? मी कळवले आहे की भाकरी दोन दिवसांच्या बांधा, आणि कोणी अडवले तर वकील सोबत आहे.